मायचे टेकोडे

आमच्या गावाकडे वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला टेकोडे म्हणतात. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा इथे हा शब्द कुणाला कळेना. शेजारणीने विचारलं, म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या का? आणि तोंड असं केलं की मी पुन्हा तिच्यासमोर टेकोड्यांचं नाव काढलं नाही. पण किनवटच्या बाजूला, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात, श्रावण लागला की बायकांना दुसरा विषय नसायचा. कुठल्या वारुळावर निघाले, कुणाला सापडले, कुणी आपल्या आधी जाऊन खुडून नेले.

माझी माय त्यातली जाणती. गल्लीतल्या बायका रानातून आल्या की टोपली घेऊन आधी आमच्या दारात थांबायच्या. माय ओट्यावर बसून एकेक टेकोडा उलटा करून बघायची. बहुतेक परत टोपलीत जायचे, एखादा ती काही न बोलता उकिरड्याकडे भिरकावायची. मग त्या घरी जाऊन चूल पेटवायच्या. तिने होकार दिलेल्या टेकोड्याने कुणाचं पोट दुखलं असं कधी झालं नव्हतं.

मलाही तिनेच शिकवलं. मी एकुलती, त्यामुळे रानात तिच्यासोबत जायला मीच असायची. साग, पळस, मोह, धावड्याच्या त्या रानात ती एखाद्या वारुळापाशी आली की आधी काठीने आजूबाजूला आपटायची, आत जनावर असलं तर निघून जावं म्हणून. मग खाली बसायची. टेकोड्याच्या डोक्यावर मधोमध टोक असतं. वारुळाची कडक माती फोडून त्याला वर यायचं असतं, म्हणून ते टोक दाबलं तरी दबत नाही. रंग राखाडी, टोकाशी जरा काळपट. उलटा केला की छत्रीच्या खाली पातळ पातळ पट्ट्या दिसतात, मिटलेल्या पुस्तकाच्या कडेसारख्या. माय त्यांना पानंच म्हणायची. ही पानं पांढरी, टेकोडा उमलून गेला की किंचित गुलाबी. दांड्याला कुठे कडं नसतं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मूळ. टेकोडा कधी ओढून काढायचा नाही, काडीने बाजूची माती उकरत जायचं. दांडा खाली निमुळता होत होत वारुळात खोल उतरलेला दिसतो.

"मूळ सापडलं न्हाई तर हात लावू नको," ती म्हणायची.

वारूळ सोडून उघड्या गवतात, जुन्या शेणाच्या जागी, जे मोठाले पांढरे छत्र उगवतात ते कुत्र्याचे. दिसायला ते टेकोड्यापेक्षा देखणे. पण त्यांना मूळ नसतं, दांड्याला बांगडीसारखं कडं असतं, बोटाने वरखाली सरकणारं, आणि जून झाले की त्यांची पानं हिरवट पडतात. लहानपणी मी हे सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवायची आणि माय मान हलवायची.

बाबा रेल्वेत गँगमन होते. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लाईनवर त्यांची सगळी नोकरी गेली. पावसाळ्यात रूळ बघत मैलोन्‌मैल चालायचं, कुठे माती खचली का, कुठे झाड पडलं का. बोलणं कमी. खाण्यापिण्याची हौसही नव्हती, ताटात पडेल ते खायचे. फक्त टेकोडे म्हटलं की त्यांचा चेहरा बदलायचा. मटणापेक्षा टेकोडे, असं ते म्हणत. त्यांना ओळख काहीच नव्हती, नजर मात्र होती. ड्युटीवरून आले की चप्पल काढता काढता सांगायचे, पुलाच्या अलीकडं मोठ्या मोहाखाली निघालेत. स्वतः कधी हात लावायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माय तिथे जायची आणि पळसाच्या पानात बांधून आणायची. कांदा, भाजलेलं खोबरं, येसराचा मसाला घालून रस्सा, आणि ज्वारीची भाकर. ते दोघं एकमेकांशी प्रेमाने बोललेले मी फारसे ऐकले नाहीत. पण पावसाळ्यात त्यांचं हे चालू असायचं. ह्यांनी जागा सांगायची, तिने जाऊन आणायचं.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना साखर होती, पुढे किडन्याही कमजोर झाल्या. डॉक्टरांनी पाणी किती प्यायचं, मीठ किती खायचं हे ठरवून दिलं होतं. माय ते कडक पाळायची. त्यांच्या आमटीला वेगळं भांडं होतं.

ती श्रावणातली पौर्णिमा होती. मी लातूरला होते. इथे क्लासला आलेल्या मुलींची मी मेस चालवते आणि त्या दिवसांत मला गावी जाणं जमत नाही. त्या दिवशी काय काय झालं ते मला नंतर मायकडून कळलं. सकाळी बाबा शेजारच्या काकांबरोबर आठवडी बाजाराला गेले. हे काका बाबांच्याच गँगमध्ये होते, आमचं आणि त्यांचं घर कुडाला कूड लागून. माय एकटीच रानात गेली. गुडघे दुखत होते म्हणून लांब गेली नाही, लाकडाच्या जुन्या अड्ड्यामागे एक वारूळ आहे तिथवरच गेली. टेकोडे मिळाले. दुपारी तिने रस्सा केला. तिचा स्वतःचा उपोसथ होता. आम्ही बौद्ध, आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत प्रत्येक पौर्णिमेला माय दुपारनंतर अन्नाला शिवत नाही. संध्याकाळी तिने बाबांना वाढलं, पांढरी साडी नेसली आणि विहारात वाचनाला गेली.

रात्रीतून बाबांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. काकांनी जीप आणली, किनवटला नेलं. तिथून नांदेडला. मी लातूरहून पहाटेच्या एसटीने निघाले आणि नांदेडला पोचले तेव्हा बाबांच्या दोन्ही हातांना सुया होत्या आणि ओठ वाळून गेले होते. मी विचारलं, बाबा, काय खाल्लं होतं?

"बाजारात भजे खाल्ले," ते म्हणाले. "तेल खराब व्हतं."

माय पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. काकाही तिथेच होते, ते बाहेर निघून गेले.

अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की आधीच थकलेल्या किडन्यांनी हात टेकले. डॉक्टर सांगत होते, तरण्या माणसाला हेच झालं असतं तर सलाईनवर उठून बसला असता. बाबांची लघवी थांबली, अंगावर सूज आली, मग ते कुणाला ओळखेनासे झाले. एका दुपारी, मी मायला जबरदस्तीने खाली चहाला नेलं होतं तेव्हा, ते गेले.

त्यानंतरचं वर्ष माय रागात होती. मला आधी वाटलं हे दुःखच आहे, ते असं बाहेर पडतंय. पण तो खराच राग होता, बाबांवरचा. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येक बाईला तिने भज्यांची गोष्ट सांगितली. मी ह्याला मोजून पाणी देत होते, मोजून मीठ देत होते, आणि हा माणूस बाजारात उभा राहून भजे खात होता. बाबांच्या फोटोवरची धूळ पुसतानाही ती पुटपुटायची. मी फोन केला की दोन वाक्यांनंतर तेच यायचं. एकदा म्हणाली, "जिभेपायी मला एकटं टाकून गेला." मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला की बाबा काही मुद्दाम गेले नाहीत. तिने फोन ठेवून दिला.

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे आम्हाला ठाऊक होतं. पण विषय काढला की ती म्हणायची, अजून पिकला नाही, पिकला की काढू. सगळं दिसतं मला. त्या उन्हाळ्यात ती अंगणातच ठेचकाळून पडली, तेव्हा कुठे कबूल झाली. नांदेडला आधी एका डोळ्याचं ऑपरेशन केलं, थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं, आणि मी तिला लातूरला माझ्याकडे घेऊन आले. काळा चष्मा घालून ती मेसच्या दारात खुर्ची टाकून बसायची. मुलींच्या ओढण्यांचे रंग बघायची. समोरच्या डाळमिलचा फलक तिला खुर्चीवरून वाचता यायला लागला.

एके दिवशी विहारात जायचं म्हणून तिने पिशवीतून आपली पांढरी साडी काढली आणि मला हाक मारून विचारलं, ही कुणी रंगवली. साडी निळसर होती. मी सांगितलं, माय, तूच घालतेस एवढी नीळ, दोन वर्षांपासून तुझ्या साड्या अशाच आहेत. ती साडीकडे बघत राहिली.

"मला पिवळी दिसायची गं," ती म्हणाली. "धुतली तरी पिवळीच. म्हणून नीळ घालत गेले."

मग ती हसायला लागली. विहारात इतक्या पांढऱ्या साड्यांमध्ये आपण एकटीच आभाळी साडीत बसत होतो, कुणी काही बोललं कसं नाही, असं म्हणत तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच हसलो होतो.

श्रावणात बाबांना वर्ष होणार होतं. माय आधीच गावी गेली होती. मी मेस चार दिवस जावेवर सोपवली आणि नांदेडहून गाडी पकडून गेले. तिने ठरवलं होतं की बाबांच्या आवडीचं करायचं. वर्षभराने तिचा राग जरा निवला असावा. मला म्हणाली, टेकोडे आणू, त्याच्या नावाने चार घरी वाढू.

सकाळी आम्ही दोघी निघालो. पाऊस उघडला होता, झाडांवरून पाणी टपकत होतं. लाकडाच्या अड्ड्यामागे त्याच वारुळावर टेकोडे निघाले होते, फार नव्हते, सात-आठ असतील. माय खाली बसली, काठी आपटली, काडीने माती उकरायला लागली. एक अख्खा लांब मुळासकट निघाला. तिने तो उलटा केला आणि उन्हाकडे धरला.

"पानं गुलाबी असतात," ती म्हणाली. "किती वर्षांनी बघून राहिले मी हे."

तिचा चेहरा तेव्हा जसा होता तसा नंतर मी कधी पाहिला नाही. मी तिच्यासाठी खूश होते. ऑपरेशन करून आणलं ते किती बरं झालं, असं मनात म्हणत होते.

सात-आठ टेकोड्यांत चार घरं होणार नव्हती. माय उठली आणि न विचारता पलीकडे चालायला लागली. अड्ड्याच्या मागे पडीक जागा आहे, पूर्वी तिथे बैल बांधत. गवत वाढलं होतं आणि गवतात पांढरे छत्र उभे होते, ताटलीएवढे. मागच्या सालीही इथंच बरेच मिळाले होते, असं ती चालता चालता म्हणाली. मी तेव्हाही काही समजले नाही.

तिने वाकून एक घेतला. तो हातात आला, मूळ नव्हतं. तिने उलटा केला. पानं मळक्या हिरव्या रंगाची होती, शेवाळल्या पाण्यासारखी. मी म्हणाले, टाक माय, कुत्र्याचे आहेत. तिने टाकला नाही. अंगठ्याने दांड्यावरचं कडं वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर. मग गवतातला दुसरा घेतला आणि तसाच उलटा केला. मग तिसरा.

"बाई," ती म्हणाली, "हे मी नेले व्हते."

मी विचारलं, कधी? विचारता विचारताच मला कळलं.

ती ओल्या गवतात खाली बसली. बसून तिने सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता, सांगताना तिला स्वतःलाही ते पहिल्यांदाच कळत असल्यासारखं. त्या पौर्णिमेलाही वारुळावर थोडेच निघाले होते. तेवढ्यात त्याचं पोट भरणार नाही म्हणून ती इकडे आली. इथले मोठे होते. मूळ आलं नाही तेव्हा तिला वाटलं, पावसाने माती बसली असेल, तुटलं असेल. दांडे सोलताना बोटाला काहीतरी अडकलं होतं, तिला वाटलं सालपट असेल. आणि पानं तिने पाहिली होती. उलटी करून पाहिली होती, नेहमीसारखी. फिकी पिवळी दिसली.

"समदंच पिवळं दिसायचं मला," ती म्हणाली.

मी तिला म्हणाले की बाबांनी बाजारात भजे खाल्ले होते, त्यांनी स्वतः आपल्याला सांगितलं. खराब तेल होतं. ती म्हणाली, हाव, खरं हाय, त्यानंच सांगितलं. थोडा वेळ तिने तेवढंच धरून ठेवलं. मग पळसाच्या पानात तिने तो हिरव्या पानांचा छत्र गुंडाळला आणि मला दिला. माझ्या मेसच्या वर एक सर राहतात, क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात, हे तिला माहीत होतं. म्हणाली, त्यांना दाखव. नक्की काय ते मला सांग.

वारुळावरचे टेकोडे आम्ही तिथेच सोडून आलो. बाबांच्या वर्षाला वरण-भात केला.

छत्र मी डब्यात घालून लातूरला आणला आणि सरांना उघडून दाखवला. सर म्हणाले, नुसतं बघून नको, याचं बी कसल्या रंगाचं पडतं ते बघू. त्यांनी दांडा कापला, छत्री पांढऱ्या कागदावर पानं खाली करून ठेवली आणि वर वाटी झाकली. खऱ्या टेकोड्याचं बी गुलाबीसर पडतं, ते म्हणाले. हिरवं पडलं तर ही जात विषारी. या जातीने माणूस सहसा मरत नाही, पण आजारी आणि म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. कशासाठी विचारताय, असं त्यांनी विचारलं. गावाकडे उगवलेत म्हणून, असं मी सांगितलं. रात्री मायला फोनवर मी कागदाचं आणि बियाच्या रंगाचं तेवढं सांगितलं.

सकाळी मुलींचे डबे भरायच्या आधी मी वाटी उचलली. कागदावर हिरवट भुकटीचं वर्तुळ पडलं होतं, पानापानाची रेघ त्यात उमटलेली. मी तो कागद गॅसवर जाळला.

मायचा फोन दुपारी आला. तिने हालहवाल विचारली नाही, मेसचं विचारलं नाही.

"हिरवं का?" ती म्हणाली.

मला खोटं बोलता आलं असतं. सकाळपासून मी तेच ठरवलं होतं. पण तिचा आवाज असा होता की खोटं ऐकून तिने ते माझ्यासाठी खरं मानल्यासारखं केलं असतं, आणि मग ती त्याच्यासोबत एकटी राहिली असती. मी हो म्हणाले. ती म्हणाली, काकाला विचार, भजे खाल्ले व्हते का.

काका तिच्यापासून हाकेच्या अंतरावर राहत होते. तरी तिला ते विचारवत नव्हतं, म्हणून तिने मला लातूरहून बोलावलं.

मी गेले तेव्हा काका अंगणात सुतळी वळत बसले होते. मी सरळच विचारलं. त्यांनी सुतळी खाली ठेवली आणि बराच वेळ ती सारखी करत राहिले. मग सांगितलं की बाजारात दोघांनी नुसता चहा घेतला होता, तोही बिनसाखरेचा. भजे खाल्ले नव्हते.

"जीपमध्ये माझ्या कानाशी लागला," काका म्हणाले. "म्हणे टेकोड्यात काहीतरी गेलंय. तिला कळू देऊ नको, मेली तरी तिला सुख लागायचं न्हाई. मी भजे खाल्ले म्हणतो, तू बी तसंच म्हण."

काकांनी डॉक्टरला मात्र बाजूला घेऊन खरं सांगितलं होतं, किनवटला आणि नांदेडलाही. डॉक्टर म्हणाले होते की उपचार तोच, सलाईनच. त्यामुळे बाबांच्या खोट्याने बाबांचं काही बिघडलं नाही. काका पुन्हा पुन्हा हेच सांगत होते. मी त्यांना म्हणाले, काका, तुम्ही काही चुकला नाहीत. त्यांनी मान फिरवली. वर्षभर कुडापलीकडून मायच्या शिव्या ऐकत होतो पोरी, म्हणाले, रोज वाटायचं सांगून टाकावं. पण मेलेल्या माणसाला शब्द दिलेला.

मायला मी घरात येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकत ऐकत तिने हातातली भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, भाजली. तवा उतरवला, चूल विझवली आणि मग भिंतीला टेकून बसली.

"मी वर्षभर त्याला बोल लावला," ती म्हणाली. "फोटोला सुद्धा सोडलं न्हाई."

ती रडली नाही. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिने पाय पोटाशी घेतले होते आणि हात पायांभोवती आवळले होते. आत शिरायला कुठे जागाच नव्हती. बाबांच्या फोटोकडे तिने त्या दिवशी बघितलं नाही, नंतरही फार दिवस बघितलं नाही. फोटोसमोर पणती लावायचं काम मला सांगितलं.

मी विहारात जाऊन भन्तेंना भेटले. सगळं सांगितलं आणि म्हणाले, तुम्ही तिच्याशी बोला. भन्ते घरी आले. त्यांनी मायला तथागतांना शेवटचं जेवण देणाऱ्या लोहाराची गोष्ट सांगितली. ती तिने वर्षावासात कितीदा ऐकली होती. त्या जेवणानंतर तथागत आजारी पडले, आणि लोक त्या लोहाराला दोष देतील म्हणून त्यांनी आधीच शिष्याकरवी त्याला निरोप पाठवला, तुझा काही दोष नाही, तुझं दान मोठं आहे. काही लोक असंही म्हणतात की त्या जेवणात रानातली अळंबीच होती. भन्ते फार मायेने बोलत होते. माय हात जोडून ऐकत होती.

"त्या लोहाराला सांगितलं तरी," ती शेवटी म्हणाली. "मला कुणी सांगितलंच न्हाई की मला माफ केलंय. मी भांडत बसले."

भन्ते चहा न घेताच गेले, कारण दुपार टळून गेली होती आणि त्यानंतर ते दुधाचं काही घेत नाहीत.

त्या श्रावणात आणि त्याच्या पुढच्याही, गल्लीतल्या बायका टोपल्या घेऊन आमच्या दारात आल्या. त्यांना खरं काय ते माहीत नव्हतं, काकांनी आणि मी कुठे बोललो नव्हतो. माय दारातूनच हात हलवायची. टाकून द्या म्हणायची, न बघताच. आधी त्यांना वाटलं हिचं मन ताळ्यावर नाही. मग एकेकीने आणणंच बंद केलं, कारण तिने बघितल्याशिवाय खायची कुणाची हिंमत नव्हती. नव्या सुनांना तर वारूळ कुठलं हेही आता माहीत नाही. मला अजून सगळ्या खुणा पाठ आहेत, टोक, पानं, मूळ, कडं. चष्म्याशिवाय मला स्वच्छ दिसतं. पण मीही आणत नाही. एकदा किनवटच्या स्टेशनबाहेर एक बाई पळसाच्या पानावर टेकोडे विकायला बसली होती. मी थांबून बघितले, अगदी खरे होते, मुळासकट. मी एक हातात घेतला, वास घेतला आणि परत ठेवला. ती बाई भाव कमी करत राहिली. तिला वाटलं मला महाग वाटतात.

माय आता लातूरला माझ्याकडेच असते. गावचं घर काकांच्या नजरेखाली बंद आहे. मेसमधल्या मुली कधी कधी मशरूमची भाजी करा म्हणतात, बाजारात मिळतात ना ते बटणासारखे, प्लास्टिकच्या डब्यातले. मी करते. माय त्या दिवशी स्वयंपाकघरात येत नाही, दारातल्या खुर्चीवर बसून राहते. एरवी ती मला भाजी निवडून देते, कणीक मळून देते. मुली तिला आजी म्हणतात आणि परीक्षेला जाताना तिच्या पाया पडतात. बाबांबद्दल ती बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस, दुपारी, आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मुली क्लासला गेल्या होत्या. मी तिला कशाबद्दल तरी सांगत होते, पाण्याच्या टँकरबद्दल वगैरे. मध्येच ती म्हणाली, "त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं व्हतं."

मी हातातली मेथी खाली ठेवली.

"विहारात जायची घाई व्हती मला," ती म्हणाली. "तरी वाढलं. म्हणे लई दिवसांनी असं झालंय."

तिने मेथीची जुडी सोडली, मुळं तोडून बाजूला केली. थोड्या वेळाने तिने विचारलं की भाजीत लसूण जास्त घालायचा का, मुलींना चालतो का. मी चालतो म्हणाले, आणि ती लसूण सोलायला उठली.